फोनच्या फुटेजमध्ये आवाज हळूहळू पुढे-मागे होतो? हे करून बघा

पंचवटीत कीर्तनाचं शूट होतं, सेकंड अँगल फोनवर. एडिटिंगच्या टाइमलाइनवर सुरुवातीला सगळं जुळतं पण अर्ध्या तासाने टाळ आधी वाजतो आणि हात नंतर आपटतात. फोनमध्ये तीच क्लिप प्ले केली तर एकदम ओके!

क्लिप तुकडे करून सरकवली, फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलून पाहिला, स्पीड ९९.९ टक्के केला, काही नाही, कारण फरक सगळीकडे सारखा नसतोच. डोकं पार आउट झालं होतं.

मीडियाइन्फोमध्ये (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) क्लिप उघडा, व्ह्यूमध्ये ट्री निवडा, व्हिडिओखाली 'फ्रेम रेट मोड' बघा. 'व्हेरिएबल' (म्हणजे फ्रेम रेट कमी-जास्त होणारा) असेल तर घोळ बहुतेक हाच, फोन उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर सरळ सरासरी धरून चालतं.

मग हँडब्रेक घ्या (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे). क्लिप टाका, व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एच.२६४, फ्रेमरेटला 'सेम ॲज सोर्स' काढून ३० (फोनचं सेटिंग ३० होतं म्हणून, तुमचं असेल ते), खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट'वर टिक, हे विसरलात तर सगळं वाया. क्वालिटी आरएफ १८ (आकडा कमी तितकी क्वालिटी चांगली), डिफॉल्ट २२ वर रात्रीच्या शॉटमध्ये दाणे फुटतात. ऑडिओ टॅबमध्ये एएसी, सॅम्पलरेट ४८ (किलोहर्ट्झ). स्टार्ट.

नवी फाइल परत मीडियाइन्फोत तपासा, 'कॉन्स्टंट' दिसलं की प्रोजेक्टमध्ये जुन्या क्लिपच्या जागी रिप्लेस करा आणि वेगळ्या ऑडिओ रेकॉर्डरवर घेतलेल्या आवाजाशी एकदाच सिंक. माझा प्रोजेक्ट २५ फ्रेमचा आहे तरी आवाज हलला नाही. आधी मारलेले कट मात्र एखाद-दोन फ्रेम सरकू शकतात, ते बघून घ्या.