बर्गन बघायचंय? मग जागांची नाही, पावसाची यादी करा

पुण्यातून नॉर्वेला जाणाऱ्यांचे प्लॅन हल्ली बरेच बघायला मिळतात आणि बर्गनच्या बाबतीत सगळ्यांचं एकच होतं, सोमवारी हे, मंगळवारी ते असं एक्सेलमध्ये पक्कं करून टाकतात. प्लीज असं करू नका. बर्गनला वर्षाला साधारण २२०० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणजे पुण्याच्या जवळपास तिप्पट, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर थोडा थोडा चालूच असतो. अटलांटिकवरून येणारे ढग शहराभोवतीच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. म्हणून दोन याद्या करा, एक कोरड्या तासांची आणि एक पावसाची. रोज सकाळी वायआर नावाचं नॉर्वेच्या हवामान खात्याचं अॅप उघडायचं, तासातासाचा अंदाज बघायचा आणि मग ठरवायचं. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे असतात. छत्री वाऱ्याने उलटी होते, त्यापेक्षा टोपीवाला चांगला रेनकोट घ्या आणि बूट वॉटरप्रूफ.

एअरपोर्टवरून टॅक्सी अजिबात करू नका, बिबानेन म्हणजे त्यांची ट्राम थेट टर्मिनलपासून सुटते आणि पाऊण तासात शहराच्या मध्यात बिपार्केनला सोडते. तिकीट स्किस अॅपवर काढायचं. कॅश जवळजवळ लागतच नाही. चलन क्रोनर आहे, युरो घेऊन जाऊ नका.

आता कोरडी यादी. ऊन दिसलं की बाकी सगळं सोडा आणि फ्लॉयेन डोंगरावर जा. फ्लॉयबानेन ही १९१८ साली सुरू झालेली डोंगर चढणारी रेल्वे, मासळी बाजारापासून दोन मिनिटांवर तिचं स्टेशन, ५-६ मिनिटांत ३२० मीटर उंचीवर नेते आणि सगळं शहर, बंदर, बेटं एका नजरेत दिसतात. क्रूझ लागलेली असेल तर दिवसा मोठी लाइन लागते, म्हणून सकाळी लवकर नाहीतर जेवण करून संध्याकाळी जा, जूनमध्ये रात्री १० ला पण उजेड असतो. जायचं तिकीट काढा पण येताना चालत या, जंगलातली वाट छान आहे, पाऊण तासात खाली. दुसरा डोंगर उलरिकेन, ६४३ मीटर, केबल कार आहे, पण तिथे ढग बसले तर पैसे वाया, वरचा कॅमेरा ऑनलाइन बघूनच निघा. उलरिकेन ते फ्लॉयेन डोंगरमाथ्यावरून चालायची वाट पण आहे, ५-६ तासांची. ट्रेकची सवय असणाऱ्यांना फार आवडेल, पण धुकं असेल तर जाऊच नका, वर आडोसा नाही.

ब्रिगेन मात्र कोरड्यात पण बघा आणि पावसात पण. बंदरावरची लाल-पिवळी लाकडी घरं, १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि पुढे जातात, ते बघून खरंच वाईट वाटतं कारण खरं ब्रिगेन मागे आहे, दोन घरांच्या मधल्या फळ्यांच्या बोळात. आत शिरा, वर बघा, गॅलऱ्या आणि जिने कसे एकमेकांवर झुकलेत ते बघा. १४ व्या शतकापासून इथे हान्सा संघाचे, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या शहरांच्या व्यापारी संघटनेचे, जर्मन व्यापारी राहायचे, धान्य आणायचे आणि उत्तर नॉर्वेतला सुकवलेला कॉड मासा घेऊन जायचे. हा मासा मीठ न लावता, नुसत्या वाऱ्यावर काठ्यांवर टांगून सुकवतात, आपल्या कोकणात बोंबील वलांडीवर टांगतात अगदी तसा. या व्यापाऱ्यांना तिथे असेपर्यंत लग्न करायची परवानगी नव्हती, आणि आगीच्या भीतीने घरात शेकोटी-चूल पेटवायलाही बंदी. स्वयंपाक आणि ऊब मागच्या वेगळ्या इमारतीत, तिला स्कोत्स्टुएने म्हणतात. एवढं करून १७०२ ला सगळं जळालंच आणि जुन्याच आराखड्यावर परत बांधलं, आज दिसतं ते बहुतेक त्यानंतरचं.

इथून पावसाची यादी सुरू होते. १९५५ ला परत आग लागली तेव्हा जळालेल्या जागी खोदकाम झालं आणि रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले ६०० हून जास्त लेख सापडले, ब्रिगेन्स म्युझियम त्यातूनच उभं राहिलं. राजेरजवाड्यांचे शिलालेख नाहीत हो हे, साध्या माणसांच्या काठीवर कोरलेल्या चिठ्ठ्या आहेत, एकीवर चक्क लिहिलंय की गिडा म्हणतेय घरी ये. दुसरी जागा कुष्ठरोग संग्रहालय, सेंट यॉर्गन हॉस्पिटलमध्ये. डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू बर्गनमध्येच शोधला. आनंदवन आणि बाबा आमटेंचं काम ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाने ही जागा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं, टूरवाले इथे नेत नाहीत. संग्रहालयांच्या वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघायच्या आधी वेबसाइट बघा.

रिमझिम असेल तर ट्राम पकडून दोन गोष्टी एकाच लाइनवर होतात. होप स्टॉपला उतरून वीसेक मिनिटं चाललं की ट्रोल्डहाउगेन, संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचं घर. तळ्याकाठी त्यांची संगीत लिहायची छोटीशी झोपडी आहे आणि खडकातच त्यांची समाधी. उन्हाळ्यात दुपारी अर्ध्या तासाची पियानो मैफल असते, ती धरून जा. परत येताना फान्टॉफ्टला उतरून स्टाव्ह चर्च, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर बांधलेलं जुन्या पद्धतीचं चर्च बघा, मूळचं १९९२ मध्ये जाळलं गेलं, आत्ताचं नव्याने बांधलेलं आहे.

मासळी बाजार बघायला छान, जेवायला महाग. शाकाहारी असाल तर किवी किंवा रेमा १००० या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घ्या, पण रविवारी मोठी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच भरून ठेवा. दालचिनीचा गोड बन, स्किलिंग्सबोले, नक्की खा. पुण्याहून बाकरवडी, भाजणी, मेतकूट न्या, पण तूप, पेढे, आंबा बर्फी नको, दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

व्हिसा शेंगेन, प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. परतीचं विमान ऑस्लोहून घेता आलं तर घ्या. बर्गन-ऑस्लो रेल्वे १९०९ ची, सातेक तासांचा प्रवास, वाटेत फिन्सेला १२२२ मीटरवर गाडी थांबते आणि जूनमध्ये पण खिडकीतून बर्फ दिसतो. व्ही (Vy) या रेल्वे कंपनीच्या अॅपवर लवकर काढलं की तिकीट बरंच स्वस्त मिळतं, आणि दिवसाचीच गाडी घ्या.