दहाजणांची सहल? मळवलीला उतरा
गटाने एका दिवसात नवी जागा पाहायची असेल, तर गाड्या काढू नका. पुण्याहून सकाळची लोणावळा लोकल धरा आणि मळवलीला उतरा. दहाजण एकाच डब्यात बसले की सहल तिथूनच सुरू होते. भाज्याची लेणी स्टेशनपासून चालत जाण्याजोगी आहेत. चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, मान वर करून बघाच: सुमारे २,२०० वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी छताला अजून आहेत! चढताना सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे पडत नाही. दम असलेल्यांनी लोहगड गाठावा, बाकीच्यांनी लेण्यांतच निवांत डबे उघडावेत. दुपारी लोकल फार कमी असतात. परतीची वेळ निघण्याआधीच सगळ्यांना कळवा.