कृष्णेच्या काठावरचे गाळाचे थर कसे वाचायचे

आपल्या सांगली-साताऱ्यात गाळाचा खडक कुठं बघायचा असं पोरं विचारतात, तर खाली बघावं तिकडं काळा पाषाणच, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण खडक व्हायच्या आधीची पायरी कृष्णेच्या काठाला दरवर्षी चालूय आणि मला विचाराल तर शिकायचं ते ओल्या गाळावरच, एकदा तो कळला की खडक आपोआप वाचता येतो.

एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की जा. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, रानाखाली नदीनं उभी कापलेली दरड शोधा, सोबत खुरपं, पाण्याची बाटली आणि साधं भिंग. दरडीच्या पायाला चिकटून बसू नका, वरनं ढासळते, आणि भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत त्यामुळं गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याजवळ जायचंच नाही.

खुरप्यानं हातभर रुंद पट्टा खालपर्यंत तासून घ्या, थोडं पाणी मारा, लगेच थर उठून दिसतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम स्टेनो नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं 1669 मध्ये मांडला. आता प्रत्येक थरातली चिमूटभर माती बोटांत चोळायची. खरखरली तर वाळू, म्हणजे पाण्याला जोर होता. पिठासारखी लागली तर पोयटा, आणि ओली करून चिकटली तर चिकणमाती, म्हणजे पाणी तिथं कितीतरी वेळ निवांत थांबलेलं. 2005, 2019, 2021 असे मोठे पूर येऊन गेले, अशा एका पुराचा थर बऱ्याचदा खाली जाड कणांचा आणि वर बारीक कणांचा होत जातो, कारण पाणी संथ होईल तसा जड कण आधी बसतो. घरी बघायचं असेल तर बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या, वाळू मिनिटभरात तळाला जाते आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीपण पाणी गढूळ ठेवते.

मग खुणा बघा. भेगाळलेला चिखल म्हणजे पाणी आटून ऊन लागलं होतं. वाळूवरच्या लाटांची एक बाजू हळू उतरती आणि एक बाजू खडी असेल तर प्रवाह खड्या बाजूकडं जात होता, दोन्ही बाजू सारख्या असतील तर पाणी तळ्यासारखं मागंपुढं हलत होतं. चपटे गोटे कौलासारखे एकमेकांवर रेललेले असतात, त्यांची वरची कड ज्या दिशेला झुकलेली, तिकडं नदी वाहत होती.

मला सगळ्यात आवडतात ते चुनखडीचे पांढरे खडे. पाऊस कमी असला की मातीतला चुना वाहून जात नाही, पाणी उडून जातं आणि चुना तिथंच गाठी धरतो, म्हणून जत, आटपाडी, माणकडं हे खडे सापडतात आणि 5000 मिलिमीटरच्या वर पावसाच्या महाबळेश्वरला चुना धुऊन जाऊन जांभा होतो. जुन्या गाळात अशा खड्यांचा थर लागला तर त्या काळी हवा कोरडी होती असं समजायचं.

हाच गाळ खोल गाडला गेला की वरच्या वजनानं पाणी पिळून निघतं, कणांच्या फटीत चुना, सिलिका नाहीतर लोखंडाचा गंज बसतो आणि सगळं सिमेंटसारखं धरून ठेवतो. वाळूचा वालुकाश्म होतो, गोट्यांचा पिंडाश्म.

तो बघायला बदामीला जा. तिथला तांबडा वालुकाश्म आपल्या लाव्ह्याच्याही कितीतरी आधीचा, रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि लेण्यांच्या भिंतींवर ज्या तिरक्या रेघा दिसतात त्या वाहत्या पाण्यानं वाळू पुढं पुढं ढकलल्याच्या. लोकं मूर्ती बघून परत येतात, तुम्ही जरा भिंतीकडंपण बघा, भरदुपारी नको, तिरपं ऊन पडलं की रेघा स्पष्ट उठतात.