मूल बोलतं भरपूर, पण लिहीत नाही? पेन्सिल त्याच्या हातात कशी सोपवायची

हे सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. शाळेत न जाता घरीच शिकणारी असोत किंवा इंग्लिश मीडियममधून आल्यावर घरी मराठी करणारी असोत. अक्षरं येतात, वाचता येतं, दिवसभर तोंडाची टकळी चालू, आणि वही समोर ठेवली की "काय लिहू?" म्हणून पंख्याकडे बघत बसतात. अशी मुलं मी पुण्यात कोथरूडला आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसवून बरीच वर्षं लिहिती करतेय आणि पालक येताना जे सल्ले घेऊन येतात ते ऐकून आता डोकंच उठतं. रोज एक पान शुद्धलेखन काढायला लावा म्हणे. अहो, ते दुसऱ्याचं वाक्य उतरवणं झालं, त्याने हात वळतो, लिहायला येत नाही. रोज डायरी लिहायला लावा, हा दुसरा. सांगणाऱ्याने स्वतः जानेवारीनंतर कधी डायरी लिहिलीय का ते विचारा. आणि 'मी झाड बोलतोय' वगैरे तर सरळ बंद करा, पोराला स्वतःबद्दल चार ओळी जमत नाहीयेत आणि आपण त्याला वडाचं झाड व्हायला सांगतोय.

अडतं कुठे ते आधी समजून घ्या. लिहिताना मुलाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात, काय सांगायचंय ते डोक्यात धरून ठेवायचं आणि त्याच वेळी वेलांटी, उकार, जोडाक्षर काढत बसायचं. हात इतका हळू चालतो की 'कोथिंबीर' लिहून होईपर्यंत पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलेलं असतं. त्यामुळे ही दोन कामं काही दिवस वेगळी काढायची आणि मग हळूहळू परत एकत्र आणायची, बाकी सगळं मी जे सांगतेय ते एवढ्यासाठीच.

सामान

दुरेघी वही, टू बी पेन्सिल. खोडरबर लपवून ठेवा. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं, नाहीतर अर्धा वेळ खोडण्यात आणि उरलेला रबराचा भुगा फुंकण्यात जातो.

आधी नुसतं बोला

आज किंवा काल घडलेलं काहीतरी घ्या. 'माझा आवडता सण' नको. मंडईत काय झालं, पीएमपीएमएलच्या बसमध्ये कंडक्टर कोणावर चिडला, पर्वतीच्या 103 पायऱ्या मोजताना गणित कुठे चुकलं. पाच मिनिटं गप्पा, बास.

मग तुम्ही लिहा, तो सांगेल

तो बोलेल ते तुम्ही त्याच्यासमोर, त्याला दिसेल असं, मोठ्या अक्षरात वहीत लिहायचं. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. फक्त शब्द त्याचेच ठेवा. 'गेल्तो' म्हणाला आणि तुम्ही 'गेलो होतो' लिहिलंत तर ठीक आहे, तो उच्चाराचा भाग झाला, पण 'लई भारी'चं 'अतिशय सुंदर' करायचं नाही. एकदा का त्याला कळलं की आपलं बोलणं वहीत जाण्याच्या लायकीचं नसतं, की तो तुम्हाला आवडेल असं बोलायला लागतो आणि मग सगळं ओम फस. इंग्लिश शब्द आले तर येऊ द्या, देवनागरीत लिहा. बॅट, ऑटो, बॉल. ॲ आणि ऑ हे स्वर 2009 च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेत आलेलेच आहेत, त्यामुळे आजोबांनी नाक मुरडलं तरी काळजी करू नका.

फोनवर बोलून टाईप करून घ्यायची आयडिया बरेच जण सुचवतात, मी तरी करू देत नाही. हाताने लिहिताना तुम्ही हळू असता, म्हणून मुलाला थांबावं लागतं. "थांब, अजून 'म्हणाली' लिहितेय" असं चार वेळा झालं की वाक्य कुठे संपतं ते त्याला आपोआप कळायला लागतं. फोन थांबवत नाही, आणि शब्द मनानेच बदलतो ते वेगळंच.

आता पेन्सिल सोपवायची, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते

मलाही सगळ्यात जास्त वैताग इथेच आला होता. आठवडाभर मूल मजेत सांगतंय, पानं भरतायत, आणि मग आपण एक दिवस म्हणतो, चला आता तू लिही. संपलं. परत पंखा.

एकदम पूर्ण वाक्य द्यायचंच नाही. सुरुवात वाक्याच्या शेवटच्या शब्दापासून करायची, पहिल्या शब्दापासून नाही. पहिला शब्द सगळ्यात अवघड असतो कारण पुढे काय येणार ते सगळं डोक्यात असावं लागतं, शेवटच्या शब्दाला तसं काही नसतं, तो त्याने आत्ताच तोंडाने म्हटलेला असतो. आमच्याकडे एक दुसरीतली मुलगी मंडईचं सांगत होती, "भाजीवाल्या काकू फुकट कोथिंबीर देईनात, मग आजी म्हणाली, मग मेथी पण नको." मी "मग आजी म्हणाली, मग मेथी पण" इथपर्यंत लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली. 'नको' एवढंच लिहायचं होतं. पण आजीचा सगळा ठसका त्या 'नको'मध्ये आहे हे तिलाही माहीत होतं, त्यामुळे तिने ते चांगलं दोन रेघा भरून लिहिलं आणि पुढे दोन उद्गारचिन्हं ठोकली. असा शब्द शोधायचा, मुलाला लिहावासाच वाटेल असा.

असं तीन-चार दिवस. मग वाक्याचा मागचा अर्धा भाग त्याचा. मग एक वाक्य तुमचं, एक त्याचं. मग सगळं त्याचं आणि अडेल तिथे फक्त तुम्ही. कोणाला दोन आठवडे लागतात, कोणाला दोन महिने, शेजारच्या मुलाशी तुलना केलीत तर मी तरी तुमच्याशी बोलणार नाही.

मधेच एक दिवस तो म्हणणार, "तूच लिही ना, तुझं अक्षर छान आहे." यावर "आता मोठा झालास ना" हे भाषण द्यायचं नाही. अर्ध्या वाक्यावर पेन्सिल खाली ठेवायची, "कुकर बघून येते" म्हणायचं आणि खरंच उठून जायचं. खोट्या कुकरवरही चालतं. कारण बऱ्याचदा अडचण लिहिण्याची नसतेच, डोक्यावर आई उभी राहून प्रत्येक वेलांटीकडे बघतेय ही असते. परत आल्यावर काही लिहिलेलं असेल तर "अरे वा लिहिलंस" म्हणून टाळ्या पिटू नका, जे लिहिलंय ते वाचा आणि त्यातल्या गोष्टीबद्दल विचारा, मग काकू काय म्हणाल्या?

आणि अजून एक गोष्ट हमखास होणार. जे मूल तोंडाने एवढी लांबलचक गोष्ट सांगत होतं ते स्वतः लिहायला लागलं की "आम्ही गेलो. मजा आली." वर येतं. पालक घाबरून फोन करतात, मागे गेला का हो? नाही गेला, हात दुखतो म्हणून काटकसर करतोय. रागवू नका, एकच प्रश्न विचारा, मजा आली म्हणजे नेमकं काय झालं? तो जे सांगेल ते तुम्ही खाली लिहा, म्हणजे दोन ओळी त्याच्या, चार तुमच्या, असं परत मागे या आणि मग पुन्हा पुढे जा. 'मजा आली'वर आमच्याकडे कायमची बंदी आहे, मुलंच एकमेकांना पकडतात.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय

लिहिताना काही नाही. एक अक्षरही सुधारायचं नाही, लाल पेन तर घरातच नको. दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर, एकच नियम घेऊन बसा. पहिला नियम हा, शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी आणि उकार दीर्घ. भाजी, पाटी, काकू, लाडू. 'आणि' हा नामांकित अपवाद, तो भिंतीवरच लिहून लावा. त्याने स्वतःच्या पानातले असे शब्द शोधून काढायचे, तुम्ही बोट दाखवायचं नाही. हे पक्कं झालं की दुसरा. फूल, मूल, तूप, वीट यात शेवटचं अक्षर अकारान्त आहे म्हणून त्याच्या आधीचं दीर्घ, पण फुलाचा, मुलाला, तुपात, विटेवर म्हटलं की लगेच ऱ्हस्व. एवढ्या दोन नियमांत या वयाच्या मुलाच्या निम्म्याहून जास्त चुका जातात. संस्कृतातून आलेले शब्द वेगळे वागतात, नीती, कीर्ती वगैरे, ते नंतर.

लिहायला काय द्यायचं

जे कोणीतरी खरंच वाचणार आहे ते. मंडईची यादी त्यालाच लिहू द्या आणि यादीत नाही ते आणायचं नाही. गणपतीत मानाचे पाच क्रमाने लिहून प्रत्येकापुढे तिथे काय पाहिलं त्याची एक ओळ. पोस्टकार्ड 50 पैशांना मिळतं, दहा-बारा ओळींची जागा, मुलाला पान भरायची भीती वाटत नाही. मामाला पाठवा, आणि मामाला आधी फोन करून दम द्या की उत्तर पत्रानेच द्यायचं, व्हॉट्सॲपवर अंगठा नको. पत्ता आणि पिनकोडच्या सहा चौकटी मुलानेच भरायच्या, सदाशिव पेठ 411030, आणि 411 दिसला की पुणं, हे एकदा सांगितलं की पोरं घरात येणाऱ्या प्रत्येक कुरियरवर पिनकोड शोधत बसतात.

पण माझी लाडकी ॲक्टिव्हिटी म्हणजे पुणेरी पाटी. आधी पेठांतून एक चक्कर मारा, पार्किंग, बेल, दुपारची झोप यांवरच्या पाट्या वाचायला लावा आणि मग घरासाठी लिहायला सांगा. अट एकच, दोन ओळींच्या वर जायचं नाही आणि कोणाला थेट शिवी द्यायची नाही. एकाने स्वतःच्या दारावर लावली होती, "आत येताना दार वाजवावे. वाजवून झाल्यावर परत जावे." दुसऱ्याची, "जमिनीवर लेगो आहेत. पाय आपला, जबाबदारी आपली." यात करावे-जावे हे रूप येतं, कमी शब्दांत मांडणं येतं, वाचणारा कोण आहे त्याचा विचार येतो, आणि मुलाला वाटतं आपण फक्त आगाऊपणा करतोय. तासभर पाटी घासूनपुसून परत लिहिणारी मुलं मी पाहिलीत, निबंधाच्या बाबतीत असं झालेलं अजून तरी नाही.

किती वेळ

वीस मिनिटं. रंगात आला असेल तरी थांबवा, वाक्य अर्धं सोडलं तर अजून उत्तम, उद्या तिथूनच सुरू होतं. रविवारी सुट्टी.

घरी शिकणाऱ्यांचे पालक एनआयओएसची (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळ) लेव्हल ए, म्हणजे तिसरीच्या बरोबरीची परीक्षा जवळ आली की एकदम निबंधमालेकडे पळतात. नका पळू. निबंध आलाच, घरी काय किंवा शाळेत काय, समजा 'माझी आजी', तर आजीने गेल्या आठवड्यात केलेल्या तीन गोष्टी तोंडी सांगायला लावा, त्यातली सगळ्यात मजेशीर आधी लिहायची, उरलेल्या दोन मागून. "म्हणून मला माझी आजी खूप आवडते" ही ओळ तपासणाऱ्या बाईंना शेवटी लागतेच, तेवढी घालून टाका.