इंजिन बदललेली गाडी स्मॉगला नेताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियात इंजिन स्वॅप, म्हणजे गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं, बेकायदा नाही. हे आधीच सांगतो, कारण निम्मे लोक घाबरून लपवाछपवी करतात, उरलेले निम्मे ‘होऊन जाईल’ म्हणत पुढे रेटतात, आणि दोघेही शेवटी स्मॉगला, म्हणजे इथल्या प्रदूषण तपासणीला, रेफरीसमोर (अवघड गाड्यांचा खास तपासनीस) सारखेच अडकतात.

नियम तसा सरळ आहे. बसवलेलं इंजिन गाडीच्या मॉडेल-वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं. ते गाडीच्या मूळ मानकाइतक्याच किंवा त्याहून कडक मानकाला प्रमाणित हवं. आणि ज्या गाडीतून ते काढलं, तिची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत यायला हवी. सगळी म्हणजे सगळी: कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), पुढचा-मागचा ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ साठवणारा चारकोल कॅनिस्टर, त्याच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह, कॉम्प्युटर, अगदी चेक इंजिनचा दिवासुद्धा.

आपल्याकडच्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात मात्र अजून पुण्यातली पीयूसी असते. पंपाच्या कडेला उभ्या व्हॅनपाशी थांबायचं, सायलेन्सरमध्ये नळी, हातात चिठ्ठी, निघालो. इथे २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये सहसा नळी घालतच नाहीत. कॉम्प्युटरला केबल जोडतात आणि बाकीचं डोळ्यांनी तपासतात. त्यामुळे “काका, माझी गाडी अजिबात धूर सोडत नाही हो” या वाक्याला तिथे काडीची किंमत नाही.

नुसतं इंजिन विकत घेणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून इथे जरा रेंगाळणार.

फ्रीमॉन्टमधला एक मुलगा, मूळचा नाशिकचा, नुकताच नोकरीला लागलेला. १९९७ ची होंडा सिव्हिक घेतली आणि तिच्यात २००२ च्या अ‍ॅक्युरा आरएसएक्स टाइप-एसचं के२०ए२ इंजिन टाकलं. निवड उत्तम. इंजिन गाडीपेक्षा नवं, पॅसेंजर कारचंच, कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या गाडीतलं. भंगार गाड्यांच्या यार्डातून त्याने इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग हार्नेस, कॉम्प्युटर आणि चावी आणली. चावी आणायचं सुचलं याचं मला खरंच कौतुक वाटलं. इमोबिलायझरमुळे त्या कॉम्प्युटरला ओळखीची चावी लागते. ती विसरलेले लोक मग रेसिंगचा ट्यून केलेला कॉम्प्युटर टाकतात आणि रेफरीकडून परत येतात.

पण पेट्रोलची वाफ पकडणारी आरएसएक्सची यंत्रणा, म्हणजे कॅनिस्टर, त्याचे व्हॉल्व्ह, टाकीतला दाब मोजणारा सेन्सर, हे सगळं यार्डातच राहिलं. “टाकी तर सिव्हिकचीच आहे ना,” हे त्याचं म्हणणं. कॉम्प्युटरला ते कसं कळणार? तो आपला आरएसएक्सचा सेन्सर शोधत बसला, सापडला नाही तेव्हा त्या सेन्सरचा बिघाड-कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावला. कुणीतरी सल्ला दिला की कनेक्टरमध्ये रेझिस्टर ठोक. ठोकला. काळ्या टेपने गुंडाळलेला चार आण्यांचा रेझिस्टर, आणि दिवा गायब. गंमत अशी की २००० नंतरच्या पेट्रोल गाड्यांना इव्हॅपचा मॉनिटर (वाफ पकडणाऱ्या यंत्रणेची कॉम्प्युटरने स्वतः घेतलेली चाचणी) अपूर्ण असला तरी इथे चालतं, त्यामुळे स्कॅनरवरही काही वावगं दिसेना. पठ्ठ्या निर्धास्त.

रेफरी म्हणजे बीएआरने, म्हणजे ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरने, अशाच अडचणीच्या गाड्यांसाठी ठेवलेली सोय. त्यांची बरीच केंद्रं कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात आहेत. साध्या स्मॉग स्टेशनवरच्या माणसाला पुढची गाडी दिसत असते. रेफरीला घाई नसते. मी शेजारीच उभा होतो. त्याने इंजिनवरच्या पर्ज व्हॉल्व्हला (वाफ इंजिनात सोडणारा) बोट लावलं आणि ते बोट नळीवरून सरकवत फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंत नेलं. मग टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. जिथे ती नळी कॅनिस्टरला मिळायला हवी, तिथे तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसून वरून क्लॅम्प आवळलेला. बाहेर येऊन हात पुसत त्याने एवढंच विचारलं, “ही पुढे कुठे जाते?”

गाडी नापास. आमचा हीरो कॅनिस्टर आणायला यार्डात परत गेला, तोवर ती आरएसएक्स क्रशरमधून निघून गेली होती. मग एक व्हॉल्व्ह इथून, एक ब्रॅकेट तिथून, सेन्सर तिसरीकडून. त्या फुटकळ खरेदीत अख्खी आपटलेली आरएसएक्स आली असती.

मी नुसतं इंजिन घेतच नाही. ठोकलेली अख्खी गाडी घेतो, तीही बाजूने ठोकलेली. मागून ठोकलेली नको, कारण टाकी आणि कॅनिस्टर बहुधा मागेच असतात. इंजिन उतरवण्याआधी प्रत्येक नळीवर मास्किंग टेप लावून नंबर टाकतो, दोन्ही टोकांचे फोटो काढतो. आणि रेफरीचं लेबल लागेपर्यंत सांगाडा दारातून हलवत नाही. घरून बोलणी बसतात, एचओएची (सोसायटीची) चिठ्ठी येते. येऊ देत.

बॉनेटखालच्या एमिशन स्टिकरचाही फोटो हवाच. गाडी कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित आहे की फक्त फेडरल, ते त्यावर लिहिलेलं असतं. फक्त फेडरल असेल तर कॅलिफोर्नियाच्या गाडीत ते इंजिन चालत नाही, मग दुसऱ्या राज्यातून कितीही स्वस्तात मिळालेलं असो.

कोड पुसून तडक टेस्टला जाणं

दिवा लागला, वीस डॉलरचा स्कॅनर लावला, कोड पुसला, दिवा गेला, चला स्मॉगला! हा उतावळेपणा मला कधीच कळलेला नाही. कोड पुसला की सोबत रेडिनेस मॉनिटरही, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांचे निकालही, पुसले जातात, आणि टेस्टच्या मशीनला ते लगेच दिसतं. बॅटरीची वायर काढून लावली तरी बहुतेक गाड्यांत हेच. १९९६ ते १९९९ च्या पेट्रोल गाड्यांना एक मॉनिटर अपूर्ण चालतो. २००० आणि पुढच्यांना फक्त इव्हॅपचा. हे बसवलेल्या इंजिनाच्या वर्षावरून ठरतं, आरसीवरच्या नव्हे. अर्थात इथे आरसी म्हणत नाहीत, पण कळलं ना.

इंजिन २०१० किंवा नंतरचं असेल तर आणखी एक मेख आहे. जुलै २०१९ पासून कायमस्वरूपी कोडही तपासतात. ते स्कॅनरने जात नाहीत आणि बॅटरी काढूनही जात नाहीत. बिघाड खरोखर दुरुस्त झाल्याची कॉम्प्युटरची स्वतःची खात्री पटली की तोच ते काढतो. कोड पुसल्यानंतर गाडी किमान २०० मैल चालली असेल आणि इंजिन १५ वेळा थंडाचं गरम झालं असेल तरच त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आधी दुरुस्ती. मग गाडी नेहमीसारखी वापरायची. टाकी निम्म्याच्या आसपास ठेवायची, रात्रभर गाडी थंड होऊ द्यायची, सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं जागेवर चालू द्यायची, मग हायवेला एका वेगात न्यायची आणि अधूनमधून ब्रेक न दाबता पाय उचलून वेग उतरू द्यायचा. संध्याकाळी ८८० हायवेवर रांगेत घालवलेला तास यात धरू नका. रविवारी सकाळी २८० वर जा, रस्ता मोकळा असतो आणि नजाराही बरा आहे. ‘वीस मिनिटांत सगळे मॉनिटर तयार’ वाले व्हिडिओ करमणूक म्हणून बघायला हरकत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

वर्ष न बघणं. २००० च्या सिव्हिकमध्ये १९९९ च्या सिव्हिक एसआयचं बी१६ए२ टाकलं तर बाद. तेच इंजिन २००० च्या एसआयमधून काढलेलं असेल तर वाट मोकळी. म्हणून यार्डाची पावती आणि डोनर गाडीचा, म्हणजे जिच्यातून इंजिन काढलं तिचा, व्हीआयएन (चासी नंबर) जपून ठेवा.

हेवी-ड्युटी ट्रकचं किंवा ऑफ-रोड वापराचं इंजिन कारमध्ये टाकणं. क्षमता तीच असली तरी चालत नाही. वाद घालू नका.

ऑनलाइन मिळालेला स्वस्त कॅट. कॅट एकतर कंपनीचा मूळ हवा, नाहीतर कॅलिफोर्नियाच्या मंजुरीचा ईओ नंबर कोरलेला आणि तुमच्या इंजिनाला लागू असलेला. जागाही डोनर गाडीत होती तीच. नवा कॅट परवडत नाही म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवायला स्पेसर लावणाऱ्यांना मी माझ्या गॅरेजमध्ये घेत नाही.

ईओ नंबर नसलेलं हेडर (एक्झॉस्टचे पाइप) किंवा इनटेक (हवा आत घेणारे पाइप). नंबर असला तरी तो कुठल्या गाडीसाठी आहे ते वाचा. नुसता निळा स्टिकर चिकटवून भागत नाही.

ट्यून केलेला कॉम्प्युटर ‘कुणाला कळतंय’ म्हणून ठेवणं. जुलै २०२१ पासून टेस्टमध्ये सॉफ्टवेअरही पडताळतात. मूळ सॉफ्टवेअर घाला, किंवा ईओ मिळालेलं.

चेक इंजिनचा बल्ब काढणं. चावी ऑन केल्यावर तो पेटला पाहिजे, नाही पेटला तर तिथेच नापास. जुन्या डॅशबोर्डात नव्या इंजिनाच्या दिव्याची वायर जोडायचीच राहून जाते, तेही बघा.

पास होण्याची गॅरंटी देणाऱ्या बाटल्या. ते पैसे ताज्या इंजिन ऑइलवर घाला. ट्रेडमिलसारख्या रोलरवर चालवून टेस्ट होणारी जुनी गाडी असेल तर पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने हायड्रोकार्बनचा आकडा खरोखर वाढतो. आणि गाडी चांगली तापवून न्या. थंड कॅट काम करत नाही.

हे सगळं वाचून डोकं फिरलं असेल तर १९७५ किंवा त्याआधीची पेट्रोल गाडी शोधा. तिला स्मॉग चेकच नाही. किमती मात्र विचारू नका.

रेफरीची अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. जाताना पावत्या, स्टिकरचे फोटो आणि ईओचे कागद एका फाइलमध्ये घाला आणि विचारलं तेवढंच उत्तर द्या. पास झालात की तो दरवाजाच्या खांबावर एक लेबल चिकटवतो. कुठलं इंजिन आणि सोबत कुठली यंत्रणा हवी, ते त्यावर असतं. पुढच्या स्मॉगला मग कुठल्याही स्टेशनवर जाता येतं, कारण तिथला माणूस त्या लेबलावरून गाडी तपासतो. त्यामुळे गाडी रंगवायला दिलीत तर रंगाऱ्याला नुसतं तोंडी सांगू नका. समोर उभं राहून लेबलावर टेप लावून घ्या.