घाटावरून कोकणात नोकरीला आलात? आधी कर्जाचं बोलू

शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून निवड होऊन बीड, लातूर, धाराशिव, नांदेडकडची बरीच मुलं-मुली अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक म्हणून रुजू झाली आहेत. मी बार्शीकडची. २००५ च्या आधी गुहागर तालुक्यात नोकरीला लागले आणि इथलीच होऊन गेले. नवीन आलेले मला विचारतात, पाऊस किती पडतो, बिबट्या वस्तीत येतो का, गावाकडच्या शाळेत बदली कधी मिळेल. पाऊस भरपूर पडतो, बिबट्या येतो, बदलीचं सांगता येत नाही. या गोष्टी तशाही अंगवळणी पडतात. पैशाचं मात्र कुणी विचारत नाही, आणि चार वर्षांनी तीच मुलं पतपेढीचा अर्ज घेऊन जामिनाच्या सहीसाठी दारात उभी राहतात. म्हणून हे लिहिते आहे.

रुजू झालात की आधी शिक्षणसेवक, मानधन महिना १६,००० रुपये, तीन वर्षं. त्यानंतर २९,२०० च्या मूळ वेतनावर आलात की भत्ते धरून हातात येणारा आकडा जवळजवळ तिप्पट होतो. घोटाळा या तीन वर्षांत सुरू होतो. मानधन सोळा हजारांचं आणि खर्च पुढच्या पगाराच्या हिशेबाने. 'कायम झालो की फेडू' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं तरी धस्स होतं. कायम होईपर्यंत मोबाईलचा हप्ता, गाडीचा हप्ता, मित्रांची उसनवारी आणि किराण्याच्या दुकानातली वही एवढं साठलेलं असतं. वाढलेला पहिला पगार त्यातच जातो आणि वर नवं कर्ज निघतं.

खर्च कुठे होतो ते बघा, कारण हिशेब कुणी मांडत नाही. आपली दोन घरं चालतात. गावाकडे मुलगा मास्तर झाला म्हटल्यावर बहिणीचं लग्न, बोअरवेल, वडिलांचं पीककर्ज, सगळं त्याच्याकडे बघून ठरतं. यातलं काहीही खोटं नाही, ती आपलीच माणसं आहेत. पण तुम्हाला मिळतं किती आणि उरतं किती, हे घरी कुणाला ठाऊक नसतं. पहिल्याच सुट्टीत वडिलांसमोर, लग्न झालं असेल तर नवऱ्यासमोर किंवा बायकोसमोर, खरा आकडा मांडा. महिन्याला इतके पाठवीन, जास्तीचे जमणार नाहीत, असं स्पष्ट सांगा. एकदा वाईट वाटेल. न सांगता कर्ज काढून पाठवत राहिलात तर पुढे सगळ्यांनाच जास्त वाईट वाटतं.

दुसरा खर्च पाहुण्यांचा. समुद्राजवळ नोकरी लागली की दिवाळीत आणि मे महिन्यात सगळे नातलग दर्शनाला आल्यासारखे येतात. गाडी भरून माणसं, गुहागरचं व्याडेश्वर, हेदवीचा गणपती, वेळणेश्वर, आणि रोज सुरमई-पापलेट. पर्यटकांच्या दराने मासळी घेऊ नका. ओळखीच्या कोळणीकडून मोसमाची मासळी घ्या. बांगडा, मांदेली, सौंदाळे पाहुण्यांना तितकेच आवडतात. आणि आंब्याची पेटी! एप्रिलच्या सुरुवातीला सासरी एक, मामाकडे एक, जुन्या मुख्याध्यापकांना एक, अशा पेट्या पाठवून कार्डावर रक्कम चढवणारे मी पाहिलेत. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तोच हापूस बराच खाली येतो. तेव्हा पाठवा. गोडीत काही कमी नसतं.

राहायला शृंगारतळीत किंवा चिपळुणात फ्लॅटच पाहिजे असा हट्ट नको. इथे वाडीवाडीत बंद घरं आहेत, मालक मुंबईला. घर राबतं राहावं, सांजेला दिवा लागावा म्हणून भली माणसं नाममात्र भाड्याने देतात. फक्त गणपतीत आणि शिमग्याला ते येणार, तेव्हा त्यांची खोली मोकळी करून द्यायची, एवढी अट. सरपंचांना नाहीतर शाळेच्या मदतनीस ताईंना विचारा.

सामान हप्त्यावर घेऊ नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण घाटावरच्या माणसाला इथली हवा माहीत नसते. समुद्राकाठी लोखंड टिकत नाही. नवी दुचाकी पहिल्या दोन पावसाळ्यांत चेन, सायलेन्सर, नटबोल्ट सगळीकडून तांबारते. प्लायवूडचं कपाट फुगतं, सोफ्यावर बुरशी येते, टीव्ही विजेच्या लपंडावात जातो. हप्ता छत्तीस महिन्यांचा आणि वस्तू त्याआधीच भंगारात. दुचाकी लागतेच, पण वापरलेली, इथल्याच मेकॅनिकला दाखवून, रोख घ्या. आणि हप्त्यावर घ्यायचीच वेळ आली तर 'फ्लॅट बारा टक्के' या शब्दांना भुलू नका. एक लाखाला तीन वर्षं फ्लॅट १२ टक्के म्हणजे ३६,००० व्याज, महिन्याचा हप्ता ३,७७८. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र पूर्ण लाखावर मोजलेलं. घटत्या शिलकीवर धरलं तर तो दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो.

हप्त्याची तारीखही बघून घ्या. आपला पगार एक तारखेला होतोच असं नाही, कधी कधी महिना अर्धा उलटतो. हप्ता पाच तारखेचा लावला आणि खात्यात पैसे नसले की बँकही दंड लावते, कर्ज देणाराही लावतो, आणि सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो तो वेगळाच.

आता जामीन. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. आपल्या घाटावरच्या मंडळींचा एक गुण मला फार आवडतो, आपण एकमेकांसाठी रात्री-अपरात्री धावतो. त्याच गुणापायी माणसं बुडतात. 'मी तुला जामीन, तू मला जामीन' असं करत एका केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, पाच-सहा शिक्षक एकमेकांत अडकतात. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. सर, फक्त सही आहे, असं म्हणून अर्ज पुढे सरकवला जातो.

ती फक्त सही नसते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं, असं बंधन नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, लोक त्याला 'एकशेएकचा दाखला' म्हणतात. त्या दाखल्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांचीही नावं असतात. पगारातून कपात करायची संमतीही तुम्ही त्याच कागदांत दिलेली असते.

माझ्या शेजारच्या शाळेतले एक सर, बीडकडचे, अतिशय सरळ माणूस. त्यांनी गाववाल्या मित्राला दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी सही दिली. मित्र घरच्या अडचणीने लांबच्या बिनपगारी रजेवर गेला. पगार थांबला, कपात थांबली. काही महिन्यांनी सरांच्या पगारपत्रकात एक नवा रकाना दिसला. क्लार्कला वाटलं, त्यांचंच कर्ज असेल. त्या महिन्यात त्यांचा स्वतःचा घराचा हप्ता चुकला, तो भरायला त्यांनी क्रेडिट कार्डावरून रोख काढली, कार्ड भरायला ॲपवरून कर्ज घेतलं. दिवाळीला घरी गेले नाहीत, शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं. त्यांच्या पत्नीला हे कळलं ते वसुलीवाल्याचा फोन तिच्या मोबाईलवर आला तेव्हा. त्या माणसाने मित्राच्या पैशातला एक रुपया खाल्लेला नव्हता.

म्हणून कुणी सहीला आलं तर नाही म्हणा. चहा पाजा आणि नाही म्हणा. संबंध तुटतील ही भीती वाटते, पण सही दिल्यावर ते जास्त वाईट रीतीने तुटतात. फारच जवळचा माणूस असेल आणि गरज खरी असेल, तर परत आले नाहीत तरी सोसेल एवढी रक्कम हातात द्या, सही देऊ नका. आधीच सही दिली असेल तर पतपेढीत जाऊन त्या कर्जाची थकबाकी विचारा, आजच.

दुसरी सवय नवं-जुनं करण्याची. पाच लाखांचं कर्ज निम्मं फिटलं की त्याचं आठ लाखांचं करायचं, जुनं त्यात वळतं करायचं, उरलेले हातात घ्यायचे. संस्थेच्या निवडणुका जवळ आल्या की कर्जमर्यादा वाढवण्याच्या घोषणा होतात आणि लोक टाळ्या वाजवतात. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही कर्जमुक्त न झालेले शिक्षक मला माहीत आहेत. पगारपत्रकावर मोठा आकडा आणि हातात महिन्याचं दूध-किराणा भागवण्यापुरतं. आमच्या पिढीला निदान भविष्य निर्वाह निधीतून उचल घेता येते. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना तो आधार तसा नाही, त्यामुळे तुम्ही आमचं बघून नवं-जुनं करू नका.

क्रेडिट कार्डावर 'किमान देय रक्कम' भरली की काम झालं असं वाटतं. समजा ५०,००० थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झालं १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. तुम्ही किमान म्हणून २,५०० भरलेत, तर मुद्दलातून फिटले ४३५ रुपये. महिनाभर पोटाला चिमटा काढून ४३५!

खाजगी सावकार इथेही आहेत. कुणी शेकडा पाच, कुणी दहा, तेही महिन्याला. वर कोरे धनादेश आणि एटीएम कार्ड ठेवून घेतात, पगार झाला की तेच काढतात. कार्ड, पिन, कोरा धनादेश कुणाच्याही हातात देऊ नका. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवानाधारकालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारण कर्जावर वर्षाला १५ आणि विनातारण कर्जावर १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. ॲपवाल्यांनी फोटो, धमक्या सुरू केल्या तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला वकील लागत नाही.

स्वस्तात जमीन मिळतेय म्हणून कर्ज काढून कोकणात जागा घेऊ नका. सातबारावर मुंबईतली वीस नावं असतात, आणि शेतजमीन घ्यायला तुम्ही आधी शेतकरी असावं लागतं. याहून जास्त लिहीत नाही.

आधीच अडकला असाल तर एक वही घ्या. कुणाचे किती, दर किती, हप्ता कधी, जामीन कोण, सगळं एका पानावर. लपवलेलं एकही देणं बाहेर ठेवू नका. सोन्यावरचं, मेहुण्याचं, किराण्याचं, सगळं. मग ते पान घरातल्या एका माणसाला दाखवा. आधी सावकार आणि ॲप, मग कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, पतपेढी आणि घर शेवटी. बाकीच्यांचे हप्ते चालू ठेवून जादाचा प्रत्येक रुपया सर्वात महाग कर्जावर टाका. घरात सोनं पडून असेल तर ते मोडून सावकार मिटवा, माझं मत स्पष्ट आहे. बाईच्या अंगावरचं असेल तर तिला विचारूनच, आणि तिने नाही म्हटलं तर विषय संपला.

इथल्या शेजाऱ्यांकडे बघा. कोकणी माणसाला आपले लोक चिकट म्हणतात, मला ते मुळीच पटत नाही. माझ्या घरमालकीण काकी मार्चपासूनच आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, तयारीला लागतात. सुकट, बोंबील, आमसुलं, कुळीथ, मिरच्या, लाकूडफाटा, शाकारणीचे म्हणजे छपराच्या डागडुजीचे पैसे, सगळं जूनच्या आत, थोडं थोडं करून. पाऊस लागला की काकींना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. माहेरच्या लग्नाला त्या साधी साडी नेसून गेल्या आणि ताठ मानेने वावरल्या. आपल्याकडे लग्नाला जायचं म्हणून गाडी भाड्याने घेतात, कर्ज काढून. महिन्याला हजार का होईना, बँकेच्या रिकरिंग ठेवीत टाका. जून-जुलैत मुलांची फी, रेनकोट, गाडीची दुरुस्ती, घरची पेरणी एकदम अंगावर येते, तेव्हा तेच उपयोगी पडतात. गावी जायला एसटीच धरा. बायकांना १७ मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे.

कर्ज फिटलं की हात झटकून मोकळे होऊ नका. ना-देय दाखला लेखी घ्या. दिलेले कोरे धनादेश मोजून परत मागा. बँकेतली आपोआप कपातीची सूचना बंद केल्याची पावती घ्या. तडजोडीत थोडी रक्कम माफ करून घेतली असेल तर सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढे घराच्या कर्जाला तो आडवा येतो, तेव्हा जमत असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्या. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल फुकट मिळतो. दोन महिन्यांनी तो काढून बघा, आणि ज्यांनी तुम्हाला सही दिली होती त्या जामीनदारांना दाखल्याची एक-एक प्रत नेऊन द्या.