शुक्रवारच्या तीन ओळी

साठीनंतर देवदर्शन रोजचं होतं, आणि रोजचं झालं की नजर बोथटते. म्हणून शंभर पानी एकरेघी वही घ्या. दर शुक्रवारी दिवेलागणीनंतर तीनच ओळी लिहा. पहिली, नव्याने दिसलेली गोष्ट: काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणावरची उन्हाची तिरीप, रामकुंडाच्या पायरीशी द्रोणात विझलेली वात. दुसरी, त्यावरून मनात काय आलं. तिसरी सगळ्यांत मोलाची: पुढच्या आठवड्यात कुणासाठी काय करणार, नाव आणि वार घालून. ‘सेवा करीन’ असं मोघम लिहिलेलं राहून जातं. ‘मंगळवारी अकराला शेजारच्या काकूंना अर्धा तास पोथी वाचून दाखवणे’ हे होतं.

बहुतेकांची वही महिन्याभरात दुखण्यांची यादी बनते. बीपी, साखर, गोळ्या यांना शेवटचं पान द्या, पुढे येऊ देऊ नका. हात थरथरत असेल तर एक ओळ सोडून लिहा आणि पेनाला रबरबँड गुंडाळून ते जाड करा, पकड सुटत नाही. आठवडा चुकला तर चुकू द्या, मागचं भरत बसू नका.

एकादशीला मागची पानं चाळा. एकच काम तीनदा पुढे ढकललेलं दिसलं तर ते निम्मं करा: अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटं.